सतरंजीमागचे दहा ठोके

इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊ नयेत, असं मी दोन पानी टिपण लिहिलं होतं. वाचणारी माणसं दोनच. त्यातल्या एकाला त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता, आणि दुसरीने "दादा, तोंडीच सांगा ना" म्हणत कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. तरीही मी परिच्छेदांना क्रमांक घातले होते आणि शेवटी सवयीने 'शेरा : नापास' असं लिहून खाली सही केली होती. एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बसवण्याचं आणि निघालेला माल तपासण्याचं काम केलं. अशा माणसाला सही केल्याशिवाय आपण मत दिलं असं वाटत नाही.

आम्ही तिघं दर रविवारी जमतो. कीबोर्ड वाजवणारा माझा मित्र रामकुंडावर उपाध्या आहे. सकाळी यजमानांचे विधी उरकतो, घरी येऊन धोतराची पँट करतो आणि अकरा वाजता जुन्या सिनेमातली गाणी वाजवायला बसतो. गाणारी बाई मखमलाबादकडच्या मळ्यातली. घरची फुलशेती आहे. पहाटे फुलबाजारात झेंडू आणि शेवंती उतरवून, तिथून थेट येते. तिच्या ओढणीला बहुतेक वेळा एखादी पाकळी चिकटलेली असते. तिसरा मी, ड्रमवर. आम्ही कुठे स्पर्धेत जात नाही, आमचं पोस्टर लागत नाही. वर्षातून दोनतीनदा कुणाच्या साठीला, कुणाच्या मुलाच्या हळदीला वाजवतो, आणि लोक जेवणावर लक्ष ठेवून टाळ्या वाजवतात.

बैठक मित्राच्या इमारतीत, गंगापूर रोडला, तळमजल्यावरच्या त्याच्या रिकाम्या खोलीत. बरोबर वर एक तरुण माणूस राहतो. तो रात्रपाळीला जातो आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो, म्हणजे झोपण्याचा प्रयत्न करतो. एका रविवारी तो खाली आला. बनियनवर, डोळे तारवटलेले, पण बोलणं अतिशय नम्र.

"काका, वाजवा तुम्ही, माझं काही नाही. फक्त ती ड्रमची थाळी आहे ना, ती डोक्यात जाते."

मी स्वतः अकरा वर्षं रात्रपाळी केलेली. त्याला काय सांगणार? पुढच्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं. ड्रम बंद करा, नाहीतर बैठक दुसरीकडे न्या. बाईने मळ्यातली फुलं भरायची शेड देऊ केली, पण लगेच म्हणाली, "सीझनला तिथं पाय ठेवायला जागा नाय बरं." शिवाय रामकुंडावरून तिकडे जाऊन परत संध्याकाळच्या यजमानाला गाठणं मित्राला जमणारं नव्हतं. ड्रमशिवाय वाजवावं, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. ते म्हणणं म्हणजे मला घरी बस म्हणणं होतं. निवृत्तीनंतर माझ्या आठवड्यात दिवस सात असले, तरी वार एकच उरला होता, हे दोघांनाही माहीत होतं. तेव्हा मार्ग एकच होता : हेडफोन लावून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम. आणि त्या मार्गात मी टिपण घेऊन उभा होतो.

दुकानात जाऊन आलो होतो आम्ही. तिथे काळा टी-शर्ट घातलेला एक जण डोळे मिटून वाजवून दाखवत होता. वाद्य विकणारी माणसं डोळे का मिटतात हे मला कधी कळलेलं नाही. साबण विकणारे मिटत नाहीत. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "सर, हे खऱ्यापेक्षा खरं आहे."

"खऱ्यापेक्षा खरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"सर, फील घ्या तुम्ही."

मी फील घेतला. म्हणजे बसून पाऊण तास वाजवलं, आणि खिशातून कागद काढून नोंदी केल्या. मित्र तोवर दुकानातल्या सगळ्या कीबोर्डांवर तीच एक सुरावट वाजवून आला.

या यंत्रांची आजची स्थिती काय आहे ते इथे सांगायला हवं, कारण माझ्या टिपणातलं निम्मं खरंच होतं. पूर्वीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणजे रबराच्या आठ चौकटी. कितीही जोरात मारा, आवाज एकच, आणि भरभर मारलं की टाइपरायटर चालवल्यासारखं वाटायचं. आता तसं राहिलेलं नाही. ड्रमच्या तोंडावर कातड्याऐवजी बारीक जाळी ताणलेली असते. काठी तिच्यावरून जवळजवळ खऱ्यासारखी उसळते. जाळीखाली एक संवेदक असतो. ठोका किती जोरात आणि कुठे पडला, मध्यावर की काठावर, हे तो ओळखतो. आतल्या पेटीत एकेका ड्रमचे डझनावारी खरे ठोके साठवलेले असतात, हळू, मध्यम, जोरात, आणि त्यातला योग्य तो निवडून वाजवला जातो. सारखा तोच ठोका दोनदा येऊ नये याचीही काळजी घेतात. मोठा ड्रम पायाने वाजवला तर छातीत नाही पण कानात तरी नीट बसतो. इतपत मी टिपणात प्रामाणिकपणे मान्य केलं होतं.

माझा आक्षेप होता तो थाळ्यांवर. ड्रमवाले त्यांना सिंबल म्हणतात. पायाच्या पट्टीने उघडझाप होणारी जोडी ती हायहॅट. खरी सिंबल म्हणजे पातळ काशाचं ताट. तिला मारलं की आवाज एकदम संपत नाही. तो पसरतो, थरथरतो, मग हळूहळू हवेत विरतो. यंत्राच्या सिंबलवर रबराचं आवरण असतं. माझं म्हणणं असं की तिचा आवाज मेलेला आहे. सुरुवात आहे, पण शेपूट नाही. 'परिच्छेद चार : विरत जाणारा अंश अजिबात ऐकू येत नाही. उत्पादकाने ग्राहकाच्या कानाची परीक्षा घेऊ नये.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं होतं. आवडलंच होतं मला.

मित्र म्हणाला, "लेका, मला तर ऐकू येते शेपूट."

"तू मंत्र म्हणतोस. तुझा कान शब्दावर असतो. माझा कान तयार झालेला आहे."

तो कुठे तयार झाला तेही सांगतो, कारण त्याचा मला फार अभिमान होता. प्रेसमध्ये पत्र्यावर ठोसा पडतो, भोक पडतं, तुकडा खाली जातो. एका मिनिटात शेकडो वेळा. ठोशाची धार बोथट होऊ लागली की मालावर दिसण्याआधी ते आवाजात कळतं. ठण्णच्या मागे एक बारीक करकर येते. ती ज्याला आधी ऐकू येते तो चांगला सेटर, म्हणजे डाय बसवणारा. मला सगळ्यांच्या आधी यायची. तीन प्रेस पलीकडून मी हात वर करायचो आणि ऑपरेटर मशीन थांबवायचा. डाय उघडला की धार गेलेली असायचीच. नव्या पोरांना साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, कान बघा.

कारखान्यात कानात घालायला पिवळी फोमची बोंडं मिळायची. सही करून घ्यायची आणि घालायची. ऑपरेटर घालायचे. आम्ही सेटर मात्र ती खिशात ठेवायचो. बोंडं घालून करकर ऐकू कशी येणार? कुणी तपासायला आलं की घालायची, गेलं की काढायची. बोंडं घालणारा सेटर म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणारा वैद्य, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. हसलेलंही एकमेकांना ऐकू जायचं नाही, इतका तिथे आवाज.

तर असा तयार कान घेऊन मी नापासचा शेरा मारला. आणि एवढ्यावर थांबलो नाही. दुकानदाराने तो संच दोन दिवस वापरून बघायला दिला होता, तेव्हा परीक्षा घेऊ असं मीच म्हणालो. वस्तुनिष्ठ. परीक्षेचा नमुनाही मीच आखला. खोलीत दोरी बांधून तिच्यावर सतरंजी टाकायची. सतरंजीमागे माझी स्वतःची जुनी सिंबल, चोवीस वर्षं वाजवलेली, आणि शेजारी यंत्राची, चांगल्या स्पीकरला जोडलेली. दहा चिठ्ठ्या, पाचांवर 'खरी', पाचांवर 'यंत्र'. मित्राने एकेक चिठ्ठी काढायची, निघेल त्या सिंबलवर एक ठोका मारायचा. बाहेर मी आणि बाईने बसून आपापल्या कागदावर लिहायचं.

मित्राने चिठ्ठ्या ताम्हनात टाकल्या. "संकल्प सोडू का?" त्याने सतरंजीमागून विचारलं.

"ठोका मार."

"यजमानाचं गोत्र?"

"अरे बाबा, मार!"

बाई हसत होती. मी कागदावर उभी रेघ मारून रकाने पाडले होते.

पहिला ठोका. बोथट, पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखा. मी लिहिलं, यंत्र. दुसरा, भरीव, गोलाई असलेला. खरी. तिसरा पुन्हा डबा. मला एकदाही थांबून विचार करावा लागला नाही. दोन्हींमधला फरक इतका उघड होता की मला दुकानदाराची कीव यायला लागली. बाई मात्र प्रत्येक वेळी मान वाकडी करून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायची, मग लिहायची. मी तोवर पेन्सिल ठेवून हाताची घडी घालून बसलेलो असायचो.

दहा झाल्यावर मित्र चिठ्ठ्यांची चळत घेऊन बाहेर आला. आधी बाईचा कागद तपासला. सात बरोबर. "मला दोन-तीनदा कळलंच नाय," ती म्हणाली, "लय सारखं वाजतंय हो." मग माझा.

मित्राने एकदा वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. मग तो खो खो हसायला लागला. "लेका, एक! दहात एक बरोबर! सगळं उलटं लिहिलंयस!"

"बघू."

"स्वतःच्या सिंबलला यंत्र म्हणालास पाच वेळा! चोवीस वर्षांचा संसार!"

"दादा, रकाने उलटे पाडले का?" बाईने विचारलं, अगदी मनापासून.

मी म्हणालो स्पीकर फार जवळ होता. खोली लहान आहे. सतरंजी आवाज खाते. हे सगळं मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला ओळखीचा होता. माल परत गेला की पुरवठादार त्या आवाजात बोलतात.

दोघं हसत राहिले. चहा झाला. त्यांच्या मनात काही आलं नाही. माझ्या मात्र कागद हातात घेतल्या क्षणी आलं होतं.

तपासणीच्या कामात एक साधी गोष्ट असते. दहापैकी पाच चुकले तर माणूस अंदाजाने बोलतोय. नऊ चुकले तर तो अंदाजाने बोलत नाही. त्याला फरक नक्की कळतोय, पण मोजमाप बिघडलेलं आहे. अशा वेळी माल पुन्हा तपासत बसत नाहीत. मोजायचं गेजच तपासायला पाठवतात. कारखान्यातल्या प्रत्येक गेजवर पुढच्या तपासणीची चिठ्ठी असायची आणि चिठ्ठी नसलेलं गेज वापरणाऱ्याला मी भर खात्यात झापायचो. माझ्या दोन कानांवर तसली चिठ्ठी कुणी कधी लावली नव्हती.

दोन दिवसांनी भाजी निवडत असलेल्या बायकोला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मला कमी ऐकू येतं असं कधी वाटलं का तुला?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, कधीपासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, हल्ली लोक स्पष्ट बोलत नाहीत."

मला ते आठवलं. मी ते चारचौघांतही म्हणायचो, भाषेच्या ऱ्हासाबद्दल बोलताना. तरुण पिढी शब्दांच्या कडा खाते, यावर मी एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला बराच वेळ व्याख्यान दिलं होतं. तो मान डोलवत होता. त्याने मधे काही म्हटलंही होतं बहुतेक.

"आणि सकाळी दारातल्या झाडावर ते एवढेसे पक्षी येतात ना," बायको म्हणाली, "त्यांचं तुम्ही कधी काही म्हणत नाही. आधी म्हणायचात." मग ती पुन्हा मेथी निवडायला लागली. "मला वाटलं, कंटाळलात त्यांना."

कान तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने मला काचेची खिडकी असलेल्या एका लहानशा खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. सुरुवातीचे आवाज जाडे होते, घुंऽऽ असे. मी भराभर दाबत गेलो आणि मनाशी म्हटलं, उगाच घाबरलो. मग आवाज थोडे उंच झाले. मग ते थांबले.

मी वाट पाहिली. काचेपलीकडे ती खाली बघून काहीतरी फिरवत होती. खोलीत शांतता होती, म्हणजे माझ्या कानात सतत एक रातकिडा असतो तेवढा सोडून. तो मला शांततेचाच आवाज वाटायचा. बराच वेळ गेला. शेवटी मी काचेवर टकटक केलं आणि खुणेनं विचारलं. तिने माइक उघडला.

"काय काका?"

"मशीन बंद पडलं का?"

"नाही काका," ती म्हणाली, "चालू आहे."

बाहेर आल्यावर तिने आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी चालत येते, मग मधेच पायाखालची जमीन सरकावी तशी खाली कोसळते. आलेख मला वाचता येतो. असे हजारो पाहिलेत. ती समजावून सांगत होती की आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, उंच आवाजाच्या पेशी अगदी दाराशी असतात, मोठ्या आवाजाचा मार आधी त्यांना बसतो, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मग तिने विचारलं, "कामाला कुठे होता?"

"सातपूरला. प्रेस शॉप."

तिने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. 'सातपूर' हा रोगाचा प्रकार असावा इतक्या सहजतेने.

"सिंबल ऐकू येईल का परत?" मी विचारलं. आणि सिंबल म्हणजे काय ते सांगितलं.

"कानात यंत्र बसवू. बोलणं बरंच स्पष्ट होईल. ते वाद्याचं... काही भाग मिळेल. पूर्वीसारखं नाही होणार." मग म्हणाली, "आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐकू नका. जे उरलंय तेही जाईल."

तिथून मी मित्राच्या खोलीवर गेलो. किल्ली माझ्याकडे असते. वार बुधवार, दुपारची वेळ, वरचा तरुण उठलेला असणार. मी माझ्या जुन्या संचावर बसलो आणि सिंबलवर एक ठोका मारला, एकच.

ती पूर्ण वाजली. अगदी शेपटीपर्यंत.

आलेख खिशात होता. हे कसं होतं ते मला हळूहळू कळलं. काठी काशावर पडली की ती कशी थरथरली ते मनगटाला कळतं. डोळ्यांना ती हलताना दिसते, आधी जोरात, मग मंद. चोवीस वर्षं हात, डोळे आणि कान यांनी एकत्र काम केलं. कान कधी गैरहजर राहायला लागला ते बाकीच्या दोघांनी मला कळूच दिलं नाही. त्याची हजेरी तेच लावत राहिले. सतरंजीच्या या बाजूला हात नव्हते, डोळे नव्हते, आणि मग कान एकटाच उभा राहिला. खऱ्या सिंबलचा जो भाग हवेत राहतो तोच मला येत नव्हता, म्हणून ती डबा वाटली. यंत्राच्या आवाजात स्पीकरने खालच्या पट्टीत थोडी भर घातली होती, ती मला ऐकू आली, म्हणून ते खरं वाटलं.

म्हणजे यंत्र खरं की खोटं हे सांगण्याचा अधिकार या खोलीत तिघांपैकी एकालाच नव्हता, आणि त्यानेच दोन पानं लिहिली होती.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. आता माझ्याकडे यंत्राविरुद्ध एक खरं कारण आलं होतं. रबराची सिंबल थरथरत नाही. तिला मारलं की हाताला रबर लागतं आणि नजरेला काही दिसत नाही. खऱ्या संचावर मी आणखी काही वर्षं वाजवू शकलो असतो, स्वतःला आणि दुसऱ्यांना न कळू देता. यंत्रावर मी उघडा पडणार होतो. आणि मी फक्त 'नाही' वर अडून राहिलो असतो तर ते दोघं ऐकणार होते. कान तयार असलेल्या माणसाचं ते नेहमीच ऐकत आले होते. बैठक मळ्यातल्या शेडमध्ये गेली असती, सीझनला बंद पडली असती, मित्राचं येणं आधी महिन्यातून दोनदा, मग एकदा झालं असतं. मग आम्ही एकमेकांना सणाला फोन केले असते.

रविवारी मी दोघांसमोर आलेख ठेवला. भाषण तयार केलं होतं. ते पहिल्या वाक्यानंतर आठवलं नाही, ते बरंच झालं.

"हे काय?" मित्राने चष्मा लावला. त्या दिवशी चष्मा सापडला होता.

"माझे कान. ही रेघ इथून पुढे नाही. सिंबल सगळी त्या बाजूला आहे."

बाईने आलेख उलटा धरला, मग सुलटा केला. "दादा, म्हंजे आपण वाजवत व्हतो तेव्हा तुम्हाला..."

"हाताने ऐकू येत होतं."

वर पंखा चालू होता एवढं मला दिसत होतं. मित्राने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लोकांच्या घरच्या वाईट बातम्या रोज सकाळी ऐकणारा माणूस. त्याला अशा वेळी काय म्हणायचं ते पाठ असतं. त्यातलं तो काही म्हणाला नाही.

"मग इतकी वर्षं माझा कीबोर्ड बेसूर आहे म्हणायचास ते?"

"ते खालच्या पट्टीत आहे. ते मला स्वच्छ ऐकू येतं."

"हरामखोर," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

बाईने पर्स उघडून माझं टिपण काढलं. घडी तशीच होती. "मग याचं काय करायचं?"

"शेरा मागे घेतो. यंत्र घ्या."

"आणि तुम्ही?"

"त्यावर मी बसलो तर हायहॅटचा मला अंदाज येणार नाही. कमीजास्त होईल, पुढेमागे होईल. तुम्हाला दुसरा कुणी बघायचा असेल तर आधी बघा."

ती चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "बाजारात फुलं घेणारे मला रोज सांगत्यात, ताई, ही कळी कमी, ती जास्त. मी काय घरी बसत्ये का? तुम्हाला कोणी सांगितलं तर काय कमीपणा येतो का?"

खरं उत्तर होतं की हो, येतो. एकतीस वर्षं मी इतरांना सांगत आलो होतो. सांगणाऱ्याच्या बाजूनेच मी जगलो होतो आणि ती बाजू माझीच आहे असं धरून चाललो होतो. मी तिला तसं म्हणालो नाही. "नाही," म्हणालो.

यंत्र आलं. जुना संच मित्राने खोलीच्या कोपऱ्यात जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला. त्याने ते इतक्या सफाईने बांधलं की मला हसू आलं आणि मग आलं नाही. माझ्या कानातलं यंत्रही आलं. त्याने बायकोचं बोलणं स्पष्ट झालं. काही गोष्टी ऐकू न आलेल्याच बऱ्या होत्या, असं मी तिला म्हटलं. त्यावर तिने जे म्हटलं तेही स्पष्ट ऐकू आलं. सिंबल मात्र त्यातून किरकिऱ्या फोनवरून आल्यासारखी येते. बैठकीत मी कानातलं काढून ठेवतो आणि हेडफोन लावतो, डॉक्टरने सांगितलेल्या खुणेच्या वर न नेता.

पहिल्या रविवारी आम्ही एक संथ गाणं घेतलं. तिघांच्या कानांवर हेडफोन, खोलीत फक्त काठ्यांची टपटप आणि बाईचा उघडा आवाज. वरून कुणी खाली आलं नाही. डावा पाय हायहॅटच्या पट्टीवर होता. पट्टी खाली गेली हे पायाला कळत होतं. आवाज आला की नाही ते कळत नव्हतं. काठी रबरावर पडत होती आणि मी मनातल्या मनात मोजत होतो, शाळेतल्या पोरासारखं, एक दोन तीन चार. पहिल्या कडव्यात बाईने गाता गाता तळहात खाली केला. मी हायहॅटचं बटण थोडं कमी केलं. तिने मान डोलवली. दुसऱ्या कडव्यात मित्राने माझ्याकडे बघून पायाने ठेका धरला, आणि मी त्याच्या पायाकडे बघत वाजवलं. इतक्या वर्षांत मी वाजवताना कुणाकडे पाहिलेलं नव्हतं.

गाणं संपलं. मी हेडफोन काढले, कानातलं यंत्र लावलं.

"हॅट आली का?" मी विचारलं.

"आली ना दादा. तिसऱ्या कडव्यात मात्र लय पुढं पळाली."

"किती?"

तिने विचार केला. "माझ्या आधी पोचली एवढी."

मला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. तिसरं कडवं मला चांगलं वाटलं होतं.

"बरं," मी म्हणालो. "तिसरं पुन्हा घेऊ. पळाली की हात वर कर."